लाळेची परीक्षा आणि कायद्याचें कलम

गेल्या वर्षीं तानसा तलावाजवळच्या एका गांवचे पालक आमच्याकडे एक कागद घेऊन आले. मुंबईस नोकरीस असलेल्या त्यांच्या थोरल्या मुलानें टपालानें एक नळी मागवून, तींत आपली लाळ घालून परत पाठविली होती. उत्तर आलें तें इंग्रजींत. मुलगा सिकलसेल रोगाचा ‘वाहक’ आहे, एवढेंच त्यांस कोणीतरी वाचून दाखविलें होतें. आणि तेवढ्यावरून ठरत आलेली सोयरीक थांबली होती.

वाहक म्हणजे रोगी नव्हे. आईबापांपैकीं एकाकडूनच दोष आला असतां मनुष्य बहुधा निरोगी राहतो. पतिपत्नी दोघेंहि वाहक असलीं, तर मात्र प्रत्येक अपत्यास चारांत एक या प्रमाणांत रोग होण्याचा संभव असतो. तेव्हां आधीं वधूचें रक्त तपासावयाचें, कीं आधीं सोयरीक मोडावयाची? इ. स. २०२३ त सुरू झालेल्या सरकारी सिकलसेल निर्मूलन मोहिमेंत ही तपासणी विनामूल्य होते, हेंहि त्या गृहस्थांस ठाऊक नव्हतें.

गर्भपरीक्षेचा दुरुपयोग रोखणारा देशांतील पहिला कायदा १९८८ सालीं महाराष्ट्रानेंच केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. त्यांत एक फार शहाणें कलम आहे : परीक्षेचे परिणाम स्त्रीस समजावून सांगावे, तिला कळेल त्या भाषेंत लेखी संमति घ्यावी, व तिची एक प्रत तिच्या हातीं द्यावी. टपालानें विकल्या जाणाऱ्या लाळेच्या नळीसाठीं मात्र असा स्वतंत्र कायदा आपल्या देशांत अद्याप नाहीं.

कायदा ज्ञानाच्या आड येतो, असें कांहीं सुशिक्षित म्हणतात. त्यांत मुळींच तथ्य नाहीं असें नव्हे. १९९४ च्या कायद्याचे कागद भरतां भरतां डॉक्टर त्रासतात, हें आपण ऐकतों. परंतु परीक्षा बंद करा, असें आमचें म्हणणें नाहीं. विकणारानें परवाना घ्यावा, निकाल ग्राहकाच्या भाषेंत द्यावा, तो समजावून सांगणारा जाणता मनुष्य ठेवावा, आणि संमतीवांचून ती माहिती कोणासहि देऊं नये, इतकें बंधन सरकारनें घालावें. अमेरिकेंतील ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या कंपनीकडून २०२३ सालीं सुमारें ६९ लक्ष लोकांची माहिती चोरीस गेली, आणि २०२५ च्या मार्चांत कंपनीनें दिवाळें जाहीर केलें.

त्या पालकांचा धाकटा मुलगा आमचा विद्यार्थी आहे. त्यानें कोणासहि लाळ दिलेली नाहीं. तरी थोरल्याच्या कागदानें त्याच्याहि रक्ताविषयीं शंका उत्पन्न केली आहे. “ह्याचें नांवहि त्यांच्याकडे गेलें असेल काय, गुरुजी?” असें वडिलांनीं विचारलें. नांव गेलें नसेल, असें आम्हीं सांगितलें. आणि दोघांसहि सरकारी दवाखान्याची वाट दाखविली.