वस्तादांचे ऋण

एप्रिल २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत बीड जिल्ह्यातील पाटोद्याच्या राहुल आवारेने ५७ किलो वजनगटात सुवर्णपदक जिंकले आणि ते आपल्या दिवंगत वस्तादांना अर्पण केले. ते वस्ताद म्हणजे रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार. त्यांना जाऊन तेव्हा साडेसहा वर्षे लोटली होती.

बिराजदारांचे गाव निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड. जन्म १९५० चा; मराठवाडा निजामाच्या जोखडातून मुक्त होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. कोल्हापूरच्या कुस्तीला शाहू महाराजांचा राजाश्रय लाभला; मराठवाड्याच्या वाट्याला तसे भाग्य आले नाही. म्हणूनच निलंग्याच्या या पोराला मेहनतीसाठी कोल्हापूर गाठावे लागले. १९६९ साली लातूरच्याच मैदानात तो 'महाराष्ट्र केसरी' झाला. १९७२ मध्ये 'रुस्तुम-ए-हिंद' किताब आला. १९७७ मध्ये बेळगावात त्यांनी दिल्लीच्या सत्पालला हरवले. ती कुस्ती जुने शौकीन आजही डोळ्यांत पाणी आणून सांगतात.

येथवरची कथा अनेक मल्लांची असते. गदा दिवाणखान्यात विसावते, फेटे विरतात आणि पैलवान आठवणींवर जगू लागतो. बिराजदारांनी मात्र लंगोट उतरवल्यावर दुसरा डाव मांडला. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पिढ्या घडविल्या. लातूरजवळच्या साई गावचे काका पवार हे त्यांचेच शिष्य. १९९८ च्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी. वस्तादांच्या पश्चात राहुलला त्यांनीच सांभाळले. २०१९ मध्ये राहुलने जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. आजीवन सेवेसाठीचा ध्यानचंद पुरस्कार बिराजदारांना २००६ मध्ये मिळाला. सप्टेंबर २०११ मध्ये ते गेले. परंपरा मात्र थांबली नाही. गुरुऋण म्हणतात ते हेच.

तथापि, एक सल उरतेच. वस्ताद लातूरचे, शिष्य लातूर-बीडचे; मग तालीम पुण्यातच का? माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत कुस्त्यांचा फड रंगतो, नांदेड जिल्ह्यातील माणसे फेटे उडवितात. पण यात्रा उठली की पोराने जायचे कोठे? गुणवत्तेचा 'लातूर पॅटर्न' साऱ्या महाराष्ट्राने वाखाणला. त्यासाठी आईबापांनी पोटाला चिमटा घेतला, शिक्षकांनी रात्री जागविल्या. ही जिद्द आपण आखाड्याला का देऊ नये? आज आपली मुले पहाटे उठतात ती शिकवणीसाठी. जोर-बैठका त्यांना ऐकूनच ठाऊक.

शासन काय करील ते करो. गावच्या पडक्या तालमीचे छप्पर शाकारायला, माती चाळायला आणि एखाद्या गरीब पोराच्या दूध-बदामाचा खर्च उचलायला मंत्रालयाची परवानगी लागत नाही. रामलिंग मुदगडच्या पोराला घर सोडावे लागले. त्याच्या नातवंडांच्या वयाच्या मुलांवर ती पाळी येऊ नये, एवढे तरी आपण करू शकतो.