गुडघ्याची वाटी बदलायची, पण कधी?

गेल्या महिन्यात दापोली तालुक्यातून एका वाचक भगिनीचं पत्र आलं. त्यांच्या सासूबाई 67 वर्षांच्या, साखर आहे, बीपीही आहे. दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. एक्स-रे काढला तेव्हा ‘चौथी ग्रेड आहे, वाट्या बदला’ असं सांगण्यात आलं. मोठे दीर दुबईला आहेत. त्यांचं म्हणणं, लगेच करून टाका, पैशाची काळजी नको, पुढच्या वर्षी अम्मांना उमऱ्याला न्यायचंय. पत्र लिहिणाऱ्या भगिनीचे शौहर म्हणतात, या वयात चिरफाड कशाला? आणि अम्मा म्हणतात, “चालतेय तोवर चालू दे. ऑपरेशन झालं की सजदा होत नाही म्हणे.”

पत्राच्या शेवटी आणखी दोन गोष्टी होत्या. अम्मा सहा महिन्यांपासून नमाज खुर्चीवरच पढतात. आणि अंथरूण झटकताना उशीखाली वेदनाशामक गोळ्यांच्या चार रिकाम्या पट्ट्या सापडल्या, त्या भगिनीने अजून कुणाला सांगितलेल्या नाहीत.

मी पट्ट्यांपासून सुरुवात करते, कारण ऑपरेशनला महिनाभर उशीर चालेल, याला चालणार नाही. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या साखर आणि बीपी असलेल्या माणसाने रोज खाल्ल्या तर किडनी बिघडू शकते, पोटात जखम होऊन रक्तस्राव होऊ शकतो. या आठवड्यात क्रिएटिनिन तपासून घ्या आणि आपल्या डॉक्टरांना खरा आकडा सांगा, रोज किती गोळ्या ते.

आता एक्स-रे. ही ग्रेडची पद्धत केलग्रेन आणि लॉरेन्स या दोन डॉक्टरांनी 1957 साली मांडली. हाडांमधली जागा किती कमी झाली, कडेला हाड किती वाढलं, एवढंच ती सांगते. दुखणं ती मोजत नाही. चौथ्या ग्रेडचा गुडघा घेऊन बाजार करून येणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि दुसऱ्या ग्रेडवर रात्र रात्र जागणाऱ्याही. त्यामुळे फिल्म बघून तारीख ठरवू नका. अम्मांना विचारा. रात्री दुखण्याने झोप मोडते का? अंगणातून घरात यायच्या पायऱ्या एकट्या चढतात का? शेजारच्या घरी, लग्नाला, मय्यतीला जाणं सोडलंय का? नातवाला उचलतात का? उत्तरं ऐकताना घाई करू नका. आपल्याकडच्या बाया “बरं आहे” म्हणायला फार लवकर शिकतात.

दुसरा प्रश्न, बाकीचे उपाय खरोखर झाले आहेत का? तेल चोळणं आणि पट्टा बांधणं म्हणजे उपाय नव्हेत. फिजिओथेरपिस्टकडून मांडीच्या पुढच्या स्नायूचे व्यायाम शिकून ते तीन महिने नियमाने करणं, हा उपाय. वजन हा दुसरा: एक किलो उतरलं तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची, उजवा दुखतो तर डाव्या हातात. बहुतेक जण उलट धरतात. कमोड बसवून घ्या. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो, पण त्यानंतर साधारण तीन महिने ऑपरेशन टाळतात, कारण जंतुसंसर्गाची भीती असते. म्हणून आज इंजेक्शन आणि पुढच्या महिन्यात ऑपरेशन, असं करू नका.

एवढं करूनही झोप मोडत असेल आणि घराबाहेर पडणं बंद झालं असेल, तर वेळ आली आहे असं समजा. वयाने अडायचं कारण नाही. उलट पन्नाशीतल्या माणसाला मी जास्त थांबवते. इंग्लंडमधल्या नोंदींवरून निघालेला हिशोब असा की सत्तरीनंतर वाटी बदलणाऱ्यांपैकी शंभरात सुमारे पाच जणांना पुढे पुन्हा ऑपरेशन लागतं, पन्नाशीच्या सुरुवातीच्या पुरुषांमध्ये हा आकडा पस्तिशीपर्यंत जातो. शंभरातल्या सुमारे ब्याऐंशी वाट्या पंचवीस वर्षं टिकतात. पण पाचातला एक जण ऑपरेशननंतर पूर्ण समाधानी नसतो, हेही दुबईच्या दिरांना सांगा.

फार थांबण्याचंही नुकसान आहे. गुडघा वाकडा होऊन आखडला, मांडी वाळली, की नवी वाटीही तेवढं देत नाही. ऑपरेशनपूर्वी गुडघा जितका वाकतो, त्यावरच नंतर किती वाकेल हे बरंचसं ठरतं.

सजद्याचा प्रश्न यालाच लागून आहे, आणि तो टाळण्यासारखा नाही. नवा गुडघा साधारण 110 ते 120 अंश वाकतो. अत्तहियातला टाचांवर बसायला त्याहून बरंच जास्त लागतं. जमिनीवर गुडघे टेकले तर वाटी सहसा बिघडत नाही, पण बऱ्याच जणांना ते दुखतं, टोचतं. म्हणजे अम्मा पुढेही बहुधा खुर्चीवरच नमाज पढतील. पण आजही त्या खुर्चीवरच आहेत. ऑपरेशनने सजदा जाणार नाही, तो दुखण्याने आधीच गेला आहे. हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याधीचा त्रास होता तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यांना उभं राहून, ते न जमल्यास बसून, तेही न जमल्यास कुशीवर नमाज पढायला सांगितल्याची हदीस बुखारीत आहे. मसला आपल्या आलिमांना विचारा, पण अम्मांच्या मनातली ही रुखरुख ऑपरेशनच्या आधी मोकळी व्हायला हवी, नाहीतर नंतर त्या स्वतःला दोष देत बसतील.

उमऱ्याचं म्हणाल तर सफा-मरवाच्या सात फेऱ्याच सुमारे तीन किलोमीटर होतात. ऑपरेशननंतर निदान सहा महिने हातात ठेवा, लांबचा विमानप्रवास पहिले तीन महिने नकोच. तेवढा वेळ नसेल तर व्हीलचेअरवर उमरा आधी करा. तारखेसाठी ऑपरेशन घाईत उरकू नका.

दोन्ही गुडघे एकदमच, असा सल्ला मिळाला तर हृदयाची तपासणी झाल्याशिवाय हो म्हणू नका. पंतप्रधान असताना वाजपेयींचा डावा गुडघा ऑक्टोबर 2000 मध्ये ब्रीच कँडीला बदलला होता, उजवा जून 2001 मध्ये. साखरेची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, आठच्या वर असेल तर बहुतेक सर्जन थांबायला सांगतात. किडका दात, लघवीचा संसर्ग, पायाची जखम, सगळं आधी बरं करून घ्यावं लागतं. बिलात वाटीची किंमत वेगळी लिहून मागा. सरकारने ऑगस्ट 2017 मध्ये तिच्यावर मर्यादा घातली आहे. कोबाल्ट-क्रोमियमच्या वाटीसाठी तेव्हा ती जीएसटी सोडून 54,720 रुपये होती. ‘इम्पोर्टेड आहे’ म्हणून कुणी दुप्पट मागत असेल तर कागद दाखवायला सांगा.

ताई, पट्ट्यांची गोष्ट शौहरांना आणि दिरांना सांगायची आहेच, पण आधी अम्मांना एकटीला बसवून विचारा. त्यांच्या पाठीमागे ती घरभर झाली तर पुढची पट्टी दुसरीकडे लपेल. क्रिएटिनिनचा रिपोर्ट आला की मला कळवा, आणि अम्मांचा गुडघा किती वाकतो तेही फिजिओथेरपिस्टकडून लिहून घ्या.