गुळबंदरची आगगाडी

काय म्हणता दोस्तांनो, कोल्हापुरात समुद्र कुठला? रंकाळा आहे, पंचगंगेचा घाट आहे, पण बंदर? अहो, नाहीच! आणि नाही म्हणूनच तर आम्ही ते केलं. चार फूट लांब, तीन फूट रुंद. त्याचं नाव गुळबंदर. नकाशात शोधत बसू नका, सापडणार नाही.

आधी हे सुचलं कसं ते सांगतो. माझा भाचा आठवीत होता. एकदा त्याला सोडायला स्टेशनवर गेलो होतो. आपलं कोल्हापूरचं स्टेशन तुम्ही पाहिलंच असेल. मिरजेकडून गाडी येते, रुकडीजवळ पंचगंगा ओलांडते, वळिवडे, गूळ मार्केट करत आत येते आणि थांबते. पुढे रूळच नाहीत! भाचा म्हणाला, "मामा, पुढं का न्हाई गेली वो गाडी?"

प्रश्न सोपा, उत्तर मात्र मोठं. १८९१ साली कोल्हापूर संस्थानाची मिरज–कोल्हापूर रेल्वे सुरू झाली. सुमारे ४७ किलोमीटरची, तीही तेव्हा मीटरगेज. पश्चिमेला सह्याद्री उभा. त्याच्या पलीकडे, अगदी हाकेच्या अंतरावर म्हणावं असा, समुद्र. कोल्हापूरचा माल पूर्वी बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून फोंडा, बावडा, आंबा अशा घाटांनी खाली राजापूर, खारेपाटणसारख्या खाडीकाठच्या बंदरांकडे उतरायचा. वर येताना मीठ, नारळ, सुकी मासळी. रूळ मात्र त्या बाजूला कधी उतरले नाहीत. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली, तरी कोल्हापूर तिला जोडलेलं नव्हतं. कोल्हापूर–वैभववाडी हा १०७ किलोमीटरचा मार्ग २०१६ च्या रेल्वे अंदाजपत्रकात आला. त्यावरून अजून गाडी धावलेली नाही.

"मग आपण धाववूया की!" भाचा म्हणाला. झालं, ठरलं! शेजारची पाचवीतली मुलगी आणि तिचा भाऊ मिळून चौघांची कंपनी उभी राहिली.

आता तुम्ही म्हणाल, खेळण्यातली चांगली रेल्वे केवढी महाग! खरं आहे. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ साली सुरू झालेलं. जमलं तर नक्की बघून या. तिथल्या गाड्या खऱ्यापेक्षा ८७ पट लहान. जगभर हे माप चालतं. पण तसं एक इंजिन विकत घ्यायचं तर हजारो रुपये लागतात. आम्ही जत्रेतली गाडी घेतली. एक पेन्सिल सेल, प्लॅस्टिकचे रूळ, इंजिन आणि तीन डबे. तिला हसू नका, तिनं आम्हाला बरंच शिकवलं.

पहिलं काम रूळ जोडायचं नाही, मोजायचं. आपल्या प्रवासी गाडीचा निळा डबा आठवा. तो साधारण २१ मीटर ३० सेंटिमीटर लांब असतो. आमचा खेळण्यातला डबा १८ सेंटिमीटर निघाला. २१३० ला १८ ने भागा. ११८ येतात ना? आम्ही १२० धरले. म्हणजे आमच्या जगात सगळंच १२० पट लहान. माणूस चौदा मिलिमीटरचा. दार सतरा मिलिमीटरचं. हे आकडे एका पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला टांगा. नाहीतर काय होतं माहितेय? घर इंजिनापेक्षा लहान, कावळा माणसाएवढा आणि नारळ फुटबॉलएवढा! आमच्या पहिल्या घराच्या दारातून मुंगीच तेवढी जाऊ शकली असती.

मग भाच्यानं हिशेब केला. १०७ किलोमीटरचे १२० भाग केले, तर साधारण ८९० मीटर रूळ लागणार! आणि कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच. त्याचे १२० भाग म्हणजे साडेचार मीटर. खोलीचं छत फोडून वर! टेबल चार फुटांचं. सगळ्यांचे चेहरे पडले.

तरीही मुलांनी हट्टानं घाट केलाच. साठ सेंटिमीटर लांबीत बारा सेंटिमीटर चढ. इंजिन लावलं. चाकं फिरताहेत, फिरताहेत, गाडी जागच्या जागी! "मामा, चढंना की वो!" मी म्हटलं, खऱ्या घाटात चढ किती असतो बघू. मुंबई–पुणे मार्गावरच्या बोर घाटात तो ३७ ला १ आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे जावं तेव्हा गाडी एक मीटर वर चढते. तरीसुद्धा मागून ढकलायला जादा इंजिनं लावावी लागतात. आमचा चढ किती होता? पाचाला एक! बारा सेंटिमीटर नीट चढायचं तर ३७ गुणिले १२, म्हणजे जवळजवळ साडेचार मीटर रूळ हवेत. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार कमी घासतं. म्हणूनच एक इंजिन एवढे डबे ओढतं, आणि म्हणूनच चढावर त्याची पंचाईत होते. आमच्या प्लॅस्टिकच्या चाकांचंही तेच.

जाता जाता एक गंमत. बोर घाटात १८६३ पासून १९२९ पर्यंत गाडीला वाटेत दिशा बदलावी लागायची. गाडी एका ठिकाणी थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला जायचं आणि गाडी उलट्या तोंडानं पुढचा चढ चढायची. इंग्रजी झेड अक्षरासारखी. भाच्याला ते करायचं होतं, पण आमच्या गाडीला रूळ बदलायचे सांधेच नव्हते.

तोडगा काढला पाचवीतल्या मुलीनं. ती बराच वेळ टेबलाखाली वाकून बघत होती. एकदम म्हणाली, "गाडी वर जाईना, तर समुद्रच खाली घेऊया की!"

खरंच, किती सोपं! रूळ सपाटच ठेवले. फळीचा पुढचा पट्टा कापून पाच सेंटिमीटर खाली बसवला. तो समुद्र. मागच्या अर्ध्या रुळांवर डोंगर उभा केला, दोन टोकांना दोन बोगदे. गाडी बंदरातून निघते, बोगद्यात शिरते. आत गेली की ती घाट चढते आहे असं समजायचं. डोंगराच्या पाठीला एक खिडकी ठेवली. तिथं एकजण बसतो आणि गाडी थांबवून डबे बदलतो. तो माणूस म्हणजे कोल्हापूर! बंदराकडे उभ्या राहणाऱ्याला तो दिसता कामा नये, एवढा नियम. सगळे १०७ किलोमीटर असे डोंगराच्या पोटात मावले.

डोंगर कसा करायचा? थर्माकोल नको, फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा पुष्कळ. त्याच्या पट्ट्या उभ्या-आडव्या चिकटवून टोपलीसारखा सांगाडा करा. वर रद्दीचे तुकडे कणकेच्या खळीत बुडवून चार-पाच थर. प्रत्येक थर वाळू द्या. (आमच्या कंपनीला धीर नव्हता. ओल्यावरच रंग दिला, मग बुरशी आली. आईची बोलणी मामाला!) वरच्या अंगाला काळपट करडा रंग, कारण सह्याद्रीचा दगड काळा. खाली बंदराजवळ विटेचा चुरा भुरभुरवा, कारण किनाऱ्यावर लाल जांभा. वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीचे तुकडे हिरवे रंगवले की झाडी तयार. नारळासाठी तारेला दोरा गुंडाळा, कागदाच्या झावळ्या कातरा. लग्नपत्रिकांची गोदामं छान होतात. खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलला की आतली नळीदार घडी दिसते. तेच कौलारू छप्पर!

समुद्रावर मात्र घाई करू नका. सगळीकडे एकच निळा फासला की पंचायतीची टाकी दिसते. काठाशी मातकट हिरवा, पुढे गडद होत जाणारा. वर पारदर्शक व्हार्निशचे पातळ हात, एकेक वाळल्यावर पुढचा. धक्क्याचे खांब आइस्क्रीमच्या काड्यांचे. कोकणच्या या किनाऱ्यावर मोठ्या भरती-ओहोटीत पाण्याची उंची दोन-अडीच मीटर बदलते. १२० ने भागा, दोन सेंटिमीटर आले. म्हणून खांबांचा खालचा दोन सेंटिमीटर भाग काळा-हिरवा, शेवाळलेला दाखवायचा. एवढ्या एका पट्ट्यानं बंदर खरं वाटायला लागतं, करून बघा.

बंदर कुठंही काढलं असं चालत नाही बरं का. राजापूर केवढं नावाजलेलं! सतराव्या शतकात इंग्रजांची तिथं वखार होती. पण खाडी गाळानं भरत गेली आणि मोठी जहाजं दूर राहिली. मुरगावला १८८० च्या दशकात बंदर आणि रेल्वे जोडीनंच आली. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या पावसाळी लाटा अडवायला तिथं समुद्रात दगडी बांध घातला. म्हणून आम्हीही गुळबंदरला बारीक खडीचा बांध घातला, नैर्ऋत्येच्या बाजूनं. भाच्यानं तो आधी ईशान्येला घातला होता. होकायंत्र आणून दाखवल्यावर गुपचूप हलवला.

आणि माल? कोल्हापूरहून काय येणार? अर्थात गूळ! १८९५ साली शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली, ती गुळाच्या व्यापारामुळेच भरभराटली. आम्ही पहिल्या दिवशी खऱ्या गुळाचे चिमुकले खडे डब्यात भरले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंग्यांनी अख्खं बंदर लुटलं होतं! तेव्हापासून गुळाचे रवे म्हणजे मेथीचे दाणे. रंग हुबेहूब. इचलकरंजीच्या कापडाचे गठ्ठे चिंध्यांचे, ओतीव लोखंडाचे भाग म्हणून तुटक्या घड्याळाची चाकं. परतीला मीठ, नारळ, कौलं. चिठ्ठ्या टाकायच्या आणि चिठ्ठीत येईल तो माल त्या फेरीत पोचवायचा. गाडी नुसती गोल गोल फिरवली तर तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो. तिला काम दिलं की महिनोन्‌महिने येत नाही.

हे सगळं २०१९ च्या उन्हाळ्यात तयार झालं. ऑगस्टमध्ये काय झालं, ते कोल्हापूरच्या वाचकांना सांगायला नको. पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं. माझी खोली तळमजल्यावर. घाईघाईत कागदपत्रं, भांडी, अंथरुणं वर नेली. टेबल दारातून निघेना! रुंद होतं ना. तसंच सोडून निघालो. परत आलो तेव्हा डोंगराचा लगदा झाला होता, गोदामं भिंतीला चिकटली होती आणि चिखलात मेथीला मोड आले होते. भाचा काही बोलला नाही. पाचवीतली तेवढी रडली. मलाही वाईट वाटलं, खोटं का सांगू? पण गल्लीत लोकांचे संसार वाहून गेले होते. तिथं पुठ्ठ्याच्या बंदराबद्दल कुणाकडे बोलणार? महिनाभर आम्ही तो विषयच काढला नाही. इंजिन सापडलं, पण मोटार गंजली होती.

दिवाळीच्या सुट्टीत भाचा स्वतःच आला. हातात कागद. त्यावर टेबलाचे तीन तुकडे काढलेले, प्रत्येक चाळीस सेंटिमीटर रुंद, नटबोल्टनं जोडायचे. "मामा, आता दारातनं निघंल." डोंगराला खालून ऑइलपेंटही सुचवला होता त्यानं. पोरगा बरोबर होता. मोठं, अखंड टेबल करायचा मोह मोठ्यांना होतो. पालकहो, तुम्हालाही होईल. आपल्या दाराची रुंदी आधी मोजा, मग फळी कापा.

दुसरं गुळबंदर पहिल्यापेक्षा चांगलं झालं. बांध पहिल्यापासून नैर्ऋत्येला. नवी गाडी तशीच, जत्रेतली. सेल उलटा घातला की मोटार उलटी फिरते आणि गाडी मागे येते, हेही तेव्हा कळलं. बहुतेक खेळण्यांत हे जमतं. मात्र सेलशिवाय दुसरी वीज वापरायची नाही. घरातल्या प्लगची वायर गाडीला जोडायचा विचारसुद्धा नको!

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं. या खेपेला बोल्ट सोडवायला दहा मिनिटं लागली. तीन तुकडे पोटमाळ्यावर, डबे खिशात. पाणी ओसरल्यावर खोली धुतली आणि बंदर खाली उतरवलं. एक नारळाचं झाड वाकलं होतं, बाकी सगळं जागच्या जागी.

भाचा आता शिकायला परगावी असतो. कोल्हापूरच्या खिडकीत सध्या ती, तेव्हाची पाचवीतली, बसते. बंदरात तिचा भाऊ. एक अडचण अजून सुटलेली नाही. मासळी बाजाराजवळच्या वळणावर शेवटचा डबा रुळावरून उतरतो. डबा रिकामा असला तरच, भरलेला असला तर नाही. असं का होत असेल? तुम्हाला कळलं तर पोस्टकार्ड टाका. आम्ही सध्या त्यात दोन खिळे ठेवतो.