पहिले ड्रोन : सुट्या भागांच्या खरेदीचा क्रम



डहाणू आणि तलासरीच्या आपल्या कुटुंबांतून हल्ली एक प्रश्न पुनःपुन्हा कानी येतो. मुलगा अकरावी-बारावीत आहे, त्याला स्वतःच्या हाताने ड्रोन बांधायचे आहे आणि सुट्या भागांची लांबलचक यादी त्याने वडिलांपुढे ठेवली आहे. पैसे द्यावेत का? माझे मत असे की, द्यावेत. मात्र यादीत ज्या क्रमाने वस्तू लिहिल्या आहेत त्या क्रमाने नव्हे.

ड्रोन आपल्या जिल्ह्याला अपरिचित राहिलेले नाही. डिसेंबर २०२१ मध्ये जव्हारहून झाप या दुर्गम गावी कोविड लशीच्या ३०० मात्रा ड्रोनने अवघ्या नऊ-दहा मिनिटांत पोहोचल्या होत्या. मुले ज्याच्या मागे आहेत तो प्रकार थोडा निराळा. त्याला एफपीव्ही म्हणतात. यंत्रावरच्या कॅमेऱ्याचे दृश्य डोळ्यांवरच्या गॉगलमध्ये दिसते आणि आपणच त्यात बसल्यासारखे ते उडवता येते. यात यंत्राला स्वतःहून स्थिर ठेवणारी सोय बहुधा नसते. त्यामुळे नवशिक्याचे ड्रोन पडणार, आणि बऱ्याच वेळा पडणार, हे गृहीत धरूनच खरेदी करावी.

प्रथम कायदा. केंद्र सरकारने ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली आहे. ही बंदी तयार ड्रोनपुरती मर्यादित नाही. पूर्ण किंवा अर्धवट सुटे करून पेटीत भरलेला संचही तीत येतो. सुट्या घटकांच्या आयातीला मात्र मुभा आहे. म्हणून परदेशी संकेतस्थळावरचा ‘संपूर्ण संच’ स्वस्त दिसला तरी तो मागवू नये. कस्टममध्ये अडकला तर पैसे आणि माल दोन्ही गेले. देशातल्या विक्रेत्याकडून जीएसटीच्या पक्क्या पावतीवर एकेक भाग घ्यावा. सोल्डरिंगची इस्त्री, तारा आणि जोडण्या ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर हाताळून घेता येतात.

दुसरी गोष्ट वजनाची. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचे ड्रोन ‘नॅनो’ वर्गात धरले आहे आणि त्यासाठी वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. इतर मुले पाच इंची पंख्यांचे ड्रोन सुचवतील. ते बांधायला सोपे, कारण आत जागा ऐसपैस. पण बॅटरीसह त्याचे वजन सहा-सातशे ग्रॅमपर्यंत जाते आणि त्याचे पंखे बोट कापू शकतात. आपल्याकडे चिकूच्या वाड्या, विजेच्या तारा आणि वस्ती जवळजवळ आहे. म्हणून पहिले ड्रोन तीन इंची पंख्यांचे असावे आणि बॅटरीसकट २५० ग्रॅमच्या आत बसावे, असे मला वाटते. ज्यांच्या घरी सराफी आहे त्यांनी प्रत्येक भाग काट्यावर ठेवून वजन वहीत मांडावे. विक्रेत्याच्या वर्णनात बॅटरी बहुधा धरलेली नसते.

आता क्रम. बँकेत कर्जाचा प्रस्ताव आला की आम्ही स्थावर मालमत्ता आणि खेळता माल वेगळा काढत असू. येथेही तसेच करावे. रेडिओ म्हणजे हातातला रिमोट, गॉगल आणि चार्जर हे तिन्ही वर्षानुवर्षे टिकतात. सांगाडा, मोटरी आणि पंखे हा झिजणारा, तुटणारा माल. सर्वप्रथम फक्त रेडिओ घ्यावा. तो संगणकाला जोडून सिम्युलेटरवर महिनाभर सराव करता येतो. त्या महिन्यात मुलाची हौस टिकली तर पुढचा खर्च करावा. नाही टिकली तर नुकसान एका वस्तूपुरतेच, आणि तीही विकता येते. रेडिओ एक्स्प्रेसएलआरएस पद्धतीचा, २.४ गिगाहर्ट्झचा असावा, आणि ड्रोनवरचा रिसिव्हरही त्याच पद्धतीचा हवा.

मोटर आणि बॅटरी यांची निवड एकत्रच होते. मोटरवर १४०४ असे लिहिलेले असते; आतल्या स्थिर भागाचा व्यास १४ मिलिमीटर आणि उंची ४ मिलिमीटर, असा त्याचा अर्थ. पुढे केव्हीचा आकडा असतो, म्हणजे पंख्याविना दर व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे. चार सेलच्या बॅटरीचे १४.८ व्होल्ट आणि ३८०० केव्ही यांचा गुणाकार ५६,२४०. तीन सेलचे ११.१ व्होल्ट आणि ५००० केव्ही यांचा ५५,५००. दोन्ही जोड्या जवळजवळ सारख्याच. पण तीन सेलसाठी घेतलेल्या ५००० केव्हीच्या मोटरला चार सेलची बॅटरी लावली की आकडा ७४,००० वर जातो आणि मोटर तापते. मी पहिली जोडी सुचवीन.

मेंदूचे सर्किट आणि मोटरींचे वेग-नियंत्रक एकाच पाटीवर मिळतात. ती हलकी व स्वस्त. पण एक कोपरा जळला की बहुधा सगळी पाटी बदलावी लागते. पाटीची भोके २५.५ मिलिमीटरवर आहेत की २० वर, हे सांगाड्याशी ताडून पाहावे. मोटरचे स्क्रूही मोजावेत. जरा जास्त लांब स्क्रू आतल्या तारेला टेकतो आणि नवी कोरी मोटर जळते.

कॅमेऱ्याच्या बाबतीत जुनी ॲनालॉग पद्धत स्वस्त आणि हलकी, डिजिटल स्वच्छ पण महाग. डिजिटलमध्ये एका कंपनीचा गॉगल सहसा दुसऱ्या कंपनीच्या प्रेषकाशी चालत नाही, म्हणून गॉगलची निवड विचारपूर्वक करावी. अँटेना लावल्याशिवाय प्रेषकाला वीज देऊ नये. तो तापून निकामी होतो.

काटकसर कुठे करू नये, तर बॅटरी आणि चार्जर यांत. लिथियम पॉलिमर सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. ठेवणीत तो ३.८ च्या आसपास असावा. चांगला चार्जर हे स्वतः करतो. कापडाच्या दुकानात, गोदामात किंवा रात्री सगळे झोपले असताना बॅटरी कधीही चार्जिंगला लावू नये. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते, आणि तिची आग पाण्याच्या बादलीने सहज आवरत नाही. लाद्यांवर, लोखंडी डब्यात, मोठ्या माणसाच्या नजरेसमोरच हे काम व्हावे.

उडवण्यापूर्वी डिजिटल स्काय नकाशावर जागा हिरव्या क्षेत्रात आहे का, हे पाहावे. तारापूरचे अणुऊर्जा केंद्र आपल्यापासून फार दूर नाही. गॉगल लावलेल्या मुलाला आजूबाजूचे दिसत नाही, म्हणून उघड्या डोळ्यांनी ड्रोनवर लक्ष ठेवणारा एक जण शेजारी उभा हवा. संध्याकाळी बगळे परततात, ती वेळ टाळावी.

आणि बांधणी पूर्ण झाल्यावर पहिली वीज देताना पंखे काढून ठेवावेत, बॅटरी ‘स्मोक स्टॉपर’ या छोट्या उपकरणामार्फत जोडावी. तारेत कुठे चूक असेल तर ते प्रवाह रोखते आणि पाटी वाचते.