जुना संगणक आणि दूरचित्रवाणीचा पडदा

आपल्यापैकी अनेकांच्या घरी एखादा जुना संगणक कोपऱ्यात धूळ खात पडलेला असतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा थांबविला; तेव्हा असे यंत्र टाकून द्यावे, असे वाटणे साहजिक आहे. टाकण्यापूर्वी ते दूरचित्रवाणी संचाला जोडून पाहावे, अशी आमची वाचकांस विनंती आहे.

प्रथम प्रणालीविषयी. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्सचा आरंभ केला. तिची मूळ संहिता सर्वांस खुली आहे. ती कोणीही घ्यावी, तपासावी, सुधारावी. तिच्या हलक्या आवृत्त्या जुन्या यंत्रावरही चालतात व विनामूल्य मिळतात. छायाचित्रे व चित्रफिती दाखविणारे व्हीएलसी आणि कोडी हे कार्यक्रमही याच परंपरेतले होत. मात्र जुनी प्रणाली पुसून नवी घालण्यापूर्वी घरातील सर्व छायाचित्रे व कागदपत्रे वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्यावीत. पुसले गेलेले परत मिळेलच असे नाही.

आता जोडणी. एचडीएमआयच्या एकाच तारेतून चित्र व आवाज दोन्ही जातात. संगणकास केवळ व्हीजीए, म्हणजे पंधरा छिद्रांचे जुने तोंड असेल, तर मध्ये रूपांतरक लागतो. व्हीजीएतून आवाज जात नाही, हे ध्यानात ठेवून त्याची वेगळी सोय करावी. तार लावल्यावर संचाच्या रिमोटवरील 'सोर्स' दाबून योग्य एचडीएमआय निवडावे.

येथे तीन अडचणी हमखास येतात. चित्र दिसते, पण आवाज संगणकातूनच येतो. अशा वेळी ध्वनीच्या मांडणीत एचडीएमआय निवडावे. चित्राच्या कडा कापल्या जातात; ही काचनळीच्या संचांच्या काळातली सवय नव्या संचांतही उरली आहे. संचाच्या चित्रमांडणीत 'स्क्रीन फिट' किंवा 'जस्ट स्कॅन' असा पर्याय असल्यास तो निवडावा. अक्षरे बारीक दिसतात. तेव्हा संगणकाच्या पडदा-मांडणीत प्रमाण १५० किंवा २०० टक्के करावे.

हा खटाटोप कशासाठी? मुंबईच्या आणि कोकणातल्या जुन्या छायाचित्रांतील चेहरे ओळखणारी वडील मंडळी आज आपल्यात आहेत. परंतु मोबाइलच्या वीतभर पडद्यावर त्यांना ते दिसत नाहीत. मोठ्या पडद्यावर तीच छायाचित्रे लावा, नातवंडांना शेजारी बसवा आणि आजी-आजोबा सांगतील ती नावे, गावे व वर्षे एकाने लिहून घ्या. लिनक्सवर मराठी आणि हिब्रू दोन्ही लिप्यांत लिहिता येते. म्हणून नोंद दोन्ही भाषांत ठेवावी, म्हणजे मराठी न वाचणाऱ्या नातवंडांनाही ती उपयोगी पडेल.

यंत्र पुन्हा मिळेल, तारही मिळेल. ओळखणारे डोळे मात्र पुन्हा मिळणार नाहीत. तेव्हा हे काम लांबणीवर टाकू नये.