फकिराचे गाव आणि पालातला मुलगा

दिवाळी अंकात वाचकाला काही गोडधोड हवे असते. तरी मी आज एक कारल्याची फोड पुढे करतो आहे. वाचकांनी रागावू नये.

मी पाथरीचा, पेशाने मास्तर. शाळेच्या प्रवेश-अर्जात 'राहण्याचा पत्ता' असा एक रकाना असतो. एका पारध्याच्या पोराचा अर्ज भरताना मी त्या रकान्याशी अडलो. गावाबाहेर सडकेला लागून त्याच्या बापाचे पाल होते. शेवटी लिहिले, 'पाल, सडकेकाठी'. पोळा झाला, कुणीतरी तक्रारीचा अर्ज फिरवला, पाल उठले आणि पोरगाही गेला. महिनाभर मी त्याची गैरहजेरी मांडीत राहिलो.

"त्यांना भटकायचीच सवय; घर दिले तरी राहायचे नाहीत," असे आपण शहाणी माणसे म्हणतो. हे साफ खोटे आहे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींना जन्माचे गुन्हेगार ठरवले. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. कागदावरचा शिक्का पुसला, आपल्या मनातला पुसला काय? चोरी झाली की पहिली नजर पालाकडे! ज्याला चार महिने एका जागी आपण टिकू देत नाही, त्यालाच वर भटक्या म्हणतो.

सरकार करील म्हणावे, तर शहरी बेघरांच्या निवाऱ्याचा हिशेब लाख वस्तीमागे शंभर माणसांचा. आमचे गाव लाखाच्या कितीतरी खाली. म्हणजे उघड्यावरच्या माणसाने गाव वाढेपर्यंत दम धरावा की काय?

आणि आम्ही भांडतो कशावरून? साईबाबांचा जन्म पाथरीचा की नाही यावरून. जानेवारी २०२० मध्ये पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटींची घोषणा झाली आणि शिर्डी बंद पडली. ज्या फकिरासाठी हे सारे, तो आधी लिंबाच्या झाडाखाली आणि मग पडक्या मशिदीत राहिला; १९१८ च्या दसऱ्याला तिथेच गेला. त्याला शिर्डीने आधी भाकरी दिली, मग देव म्हटले. तो आज आमच्या सडकेकाठी उतरला, तर आम्ही त्याला पत्ताच विचारू!

गाडगेबाबांनी लोकांच्या पैशातून पंढरपूर, नाशिक, मुंबईला धर्मशाळा उभारल्या. आपल्याला तेवढे जमायचे नाही. पण थंडीच्या रात्री समाजमंदिराचे कुलूप काढणे जमेल. गायरानातल्या कोपऱ्यासाठी पालिकेत चार पांढरपेशांनी त्यांच्या बाजूने उभे राहणे जमेल. पत्ता नसलेले पोर वर्गात बसवून घेणे तर आम्हा मास्तरांच्याच हातात आहे. पाडव्याला जुने लुगडे देऊन मात्र हे ऋण फिटणार नाही.

यातले काहीच जमत नसेल, तर निदान पाल उठवण्याच्या अर्जावर सही करू नका. मी सही केली नव्हती. पण तो अर्ज माझ्या समोरून फिरला, आणि मी तोंडातून शब्द काढला नाही. त्या पोराची गैरहजेरी मी मांडली खरी. त्या दिवशीची माझी कुणी मांडायची?