पासष्टीनंतरची तपासणी

वय वाढते तसा स्तनाच्या कर्करोगाचा धोकाही वाढत जातो, सरकारी मोजणीतून मात्र बाई नेमकी त्याच सुमारास गळू लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने (२०१९-२१) स्तनतपासणीचे आकडे दिले ते ३० ते ४९ या वयोगटाचे, आणि त्यातही कधीकाळी तपासणी झालेल्या स्त्रिया देशात शंभरात एकही भरत नाहीत. २०१६ च्या केंद्रीय आराखड्यातील पंचवार्षिक तपासणी तर ६५ व्या वर्षी थांबते.

हे अधिक खटकते ते मुंबईतच हाती आलेल्या पुराव्यामुळे. टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा व सहकाऱ्यांनी १९९८ पासून मुंबईतील वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षे मागोवा घेतला. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांची, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, एकूण चार फेऱ्यांत, कोणत्याही यंत्राविना केवळ हाताने स्तन व काख चाचपून तपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पन्नाशीपुढील स्त्रियांतील या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले, तर पन्नाशीच्या आत लक्षणीय फरक आढळला नाही. हे वयवार विश्लेषण मागाहून केलेले असल्याने त्याला अखेरचा शब्द मानता येणार नाही. तरीही उतारवयाकडे पाठ फिरवण्यास त्यात कोणताच आधार नाही.

ग्रामीण भागात हा रोग शहराच्या मानाने कमी आढळतो, हे १९८७ पासून चालणाऱ्या बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीने दाखवले आहे. उशिरा व मोजकी बाळंतपणे, वाढते वजन ही शहरी वाढीची कारणे सांगितली जातात. पण रोग कमी म्हणजे धोका कमी, असे नव्हे. गाठ दुखत नाही म्हणून अंगावर काढली जाते आणि ती फुटून वाहू लागली की मग मुलाच्या घरी, शहरात धाव घेतली जाते. नवी मुंबईत तर ही दोन्ही जगे एकाच प्रभागात नांदतात: सिडकोच्या इमारतींना खेटून आगरी-कोळ्यांची गावठाणे, आणि घणसोली-कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतींत साताऱ्याहून आलेल्या सासवा. खारघरचे टाटांचे केंद्र त्यांच्यापासून लोकलच्या काही स्थानकांवर आहे, आणि तरीही फार लांब आहे.

वास्तविक आशा सेविका तिशीपुढील प्रत्येकाचा जो अर्ज भरते, त्यात स्तनातील गाठ, स्तनाग्रातून येणारे रक्त, आकारातील बदल हे प्रश्न आहेतच. पण तो अर्ज बहुधा उंबरठ्यावर, मुला-नातवंडांच्या देखत भरला जातो आणि म्हातारी पदर सावरत ‘काही नाही’ म्हणून मोकळी होते. सत्तरीपुढील ज्येष्ठांना २०२४ पासून कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे आयुष्मान संरक्षण मिळाले, हे स्वागतार्हच. मात्र ते उपचाराचे आहे, रोग हुडकण्याचे नव्हे. शिवाय या वयातील बहुतेक गाठी संप्रेरकांवर पोसणाऱ्या, म्हणजे शरीरातील इस्ट्रोजेनमुळे वाढणाऱ्या असतात. शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या वृद्धेलाही लेट्रोझोलसारख्या रोजच्या गोळीने त्या बराच काळ आटोक्यात ठेवता येतात. तेव्हा नवी मुंबई व पनवेल महापालिकांनी वयाची वरची अट काढून, स्त्री-परिचारिकेमार्फत दार लावून घरातच तपासणी सुरू करावी आणि गाठ सापडलेल्या स्त्रीला खारघरपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी मुलाच्या रजेवर न सोडता स्वतःकडे घ्यावी.